काकूंनी कुरडया घातल्या ते साल

काकू, तुम्हाला लिहावं असं पुष्कळदा मनात आलं आणि दरवेळी राहून गेलं. मी बी.ए. झाले. आमच्या घोंगड्या विणणाऱ्या घरात पहिलीच. आता अंबडला मुलींना शिकवते. सुट्टीत नवीन जालन्याला आले की स्टेशनामागच्या तुमच्या खोल्यांवरून जाते. तिथे दुसरं बिऱ्हाड आहे. उन्हाळ्यात त्यांच्या पत्र्यावर पापड, कुरडया वाळत असतात. तुमच्या वेळी तो पत्रा मोकळाच तापत असे.

काका रेल्वेच्या नोकरीतून सुटले तेव्हापासून तुम्ही दोघं कोकणात परत जाणार, हे सगळ्या आळीला पाठ होतं. चैत्र लागला की तुम्ही जाडी पांघरुणं धुऊन बांधून ठेवायचात. माय कुंपणाशी यायची. "रेल्वेबाबूच्या बाई, गहू भिजवला न्हाई का अजून?" तुम्ही म्हणायचात, "आम्ही वैशाखात निघणार हो. कशाला उगाच डबे भरून ठेवायचे?" घरी येऊन माय हसायची, "दरसाली जाऊन राह्यल्या ह्या. बैलगाडी तरी जुपा म्हणावं." मग पावसाळ्यात तुमच्या ताटात भाताशेजारी काहीच नसायचं आणि तीच माय मूठभर सांडगे माझ्या हाती पाठवायची.

काका काम नसतानाही सकाळी कोट घालून स्टेशनावर जात आणि गाडी गेली की परत येत. अजून डोळ्यांपुढे येतं: दुपारी तुम्ही दोघं समोरासमोर बसून तांदूळ निवडता आहात, आणि मी उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसून तुम्हाला धडा वाचून दाखवते आहे. माझं 'न्हाई' तुम्ही तिथेच सुधारलंत. एकदा मी मोठ्या आवेशात म्हटलं, "काकू, सगळा हिंदुस्थान आपलाच आहे." तुम्ही सुपातून मान वर केली नाहीत. "असेल गो. पण तुझ्या हिंदुस्थानात माझी विहीर नाही." काका म्हणाले, "तिकडे पुतणे मला मोगलाईतले काका म्हणतात, इकडे निजामाच्या राज्यात मी गैरमुल्की, बाहेरचा. आता जायचं तरी कुणाकडे?" तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि सूप घेऊन आत गेलात.

पुढच्या चैत्रात तुम्ही पांघरुणं बांधली नाहीत. गहू भिजवलात. चीक शिजवायला एकजण आणि गरम असतानाच सोऱ्या दाबायला दुसरा लागतो, म्हणून तुम्ही मायला हाक मारलीत. माय ब्राह्मणाघरच्या चुलीपाशी कशी जाणार? ती उंबऱ्यापाशीच थांबली. "या हो आत. आता माझ्याकडचं कोण बघायला येणार आहे?" तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही पहिल्यांदा पाय ठेवला तो असा. मला वाटलं, जग बदललं. मी नाचतच कुरडया उन्हात नेत होते. माय मात्र मान खाली घालून सोऱ्या दाबत होती. घरी आल्यावर हात न धुताच बसली आणि म्हणाली, "बाई जात न्हाई आता. हाय खाल्ली तिनं." मी तिच्यावर चिडले.

श्रावणात तुम्हाला ताप आला. आधी तुम्ही चहा मागत होतात, मग तोही नको म्हणालात. काका वैद्याला आणायला गेले तेव्हा उशाशी मी एकटी होते. तुम्ही बोलत होतात, पण तुमच्या गावच्या बोलीत. माझ्याशी कधीच तसं बोलला नव्हतात, त्यामुळे मला फार थोडं कळलं. काका आले तोवर तुमचं बोलणं थांबलं होतं. त्यांनी पायातले जोडे काढायच्या आधी विचारलं, "काही म्हणाली का?" मी म्हटलं, "म्हणाल्या, इथंच बरं आहे." काका खाली बसले. नंतर कित्येक वर्षं त्यांनी मला ते पुन्हा पुन्हा विचारलं, कधी स्टेशनावरून येताना, कधी जेवता जेवता, आणि मी दरवेळी तेच सांगितलं. गेल्या वर्षी तेही गेले, इथेच.

निजामाचं राज्य गेलं, काकू. आता कुणी गैरमुल्की नाही असं सभेत सांगतात. मी टाळ्या वाजवल्या. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशीच्या तुमच्या बोलण्यातले 'घरा' आणि 'न्या' हे दोन शब्द मला कळले होते. पण 'इथंच बरं आहे' हे मी इतक्यांदा बोलले आहे की अलीकडे ते मला तुमच्याच आवाजात ऐकू येतं, आणि मी ते ऐकून घेते.