पळत गेले, पळत आले

उंब्रज, रविवार संध्याकाळ

सरावाचे तीस किलोमीटर. पूर्ण! गेल्या महिन्यात याच पल्ल्याला गुडघा धरला आणि कालव्यापासून दुधाच्या गाडीत बसून घरी आले. फौजेतून रिटायर झालेले मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पळत गेलीस आन् गाडीतनं आलीस व्हय?" तेव्हापासून तेच डोक्यात. पहिलीच मॅरेथॉन, सोडून द्यावी का?

आज कालव्यापाशी तीच दुधाची गाडी थांबली. "वैनी, बसताय?" गुडघा ठणकत होताच. तरी म्हटलं, "न्हाई, तुमी व्हा फुडं."

मामंजी रोज संध्याकाळी स्वतःचे बूट पुसतात. आत्ता सोप्यात पाहिलं, तर त्यांच्या बुटांशेजारी माझेही बूट, लखलखीत! सुनेचे बूट, त्यांनी? मी बघतच राहिले, तर म्हणाले, "चिखल लय हुता."