नळीतलं पाणी लालच का?

३ जून
तपासणीच्या नळीत पाणी लाल – नायट्रेट चाळीस! खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीला हे फार झालं. परवा त्याच नळीतलं पाणी पिवळंधमक होतं, म्हणजे टाकी स्वच्छ; मी आपली खुशीत. दुकानदार फोनवर हसला – "तपासणीच्या औषधाची दुसरी बाटली खडखडून हलवली होती का?" नव्हती. औषध तळाशी बसून राहिलं आणि मी मेलीने त्या रंगावर विश्वास ठेवला.

बाबांची खाट टाकीशेजारीच. म्हणाले, "तुझ्या भाडेकरूंनी घाण केलीय, भाडं वाढव!" चेष्टा करतात, पण अन्नावरची वासना उडालीय. डॉक्टरांनी बजावलंय – वजन वाढल्याशिवाय ऑपरेशन नाही.

४ जून
बाबांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं! भात, अंडं, सगळं. अट एकच – "समोर बसून माझे घास मोजायचे नाहीत." नाही मोजत, बाबा. ओट्याला टेकून एकटीच हसत होते.

६ जून
पाव टाकी पाणी बदललं. बादलीत मीठ विरघळवताना हात तसाच राहिला, भानच नाही. दुपारचं ऊन टाकीतून जाऊन छतावर हलत होतं. खोलीच पाण्याखाली गेली जणू. आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते वर बघत होतो. मग बाबा पुटपुटले, "तुझी आई म्हणाली असती, बापलेक दोघंही ठार वेडे." इतकं बरं वाटलं!

७ जून
लालच. बादलीतलं ताजं पाणी वेगळं तपासलं – पिवळं. म्हणजे त्याचा दोष नाही. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. बिचारे काचेला तोंड लावून बघतात. इकडे बाबांचं ताट लख्ख, तिकडे यांना उपास!

ताईला फोन केला – बाबा जेवायला लागले गं! ती रडलीच.

९ जून
पहाटे स्वप्न. मी टाकीत चालतेय, अगदी सावकाश. बाबा वाळूवर खुर्ची टाकून बसलेत, अंगाने भरलेले, गाल वर आलेले. उठावंसंच वाटेना.

उठले तर टाकीतली कोळंबी मरून पडलेली. पाण्याला वासही येतोय. दुकानदार म्हणाला, "आत कुठेतरी काहीतरी सडतंय, ताई. शोधा."

१० जून
बाबांचं वजन दीड किलोने घटलं! डॉक्टर माझ्याकडे बघत – "नीट जेवतात ना?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "रिकामं ताट मी स्वतः घासते, डॉक्टर!" बाबा खिडकीबाहेर बघत होते.

११ जून
टाकीच्या मागे पंपाचा कप्पा आहे, काळ्या काचेआड. आज उघडला. आत भात. फुगलेला, कुजलेला. अंड्याचे तुकडे. आठवड्याची जेवणं.

वळले तर बाबा भिंतीला धरून उभे.

"घास उतरतच नाही गं," म्हणाले. "पण रिकामं ताट बघून तू किती खूश व्हायचीस."