धुळ्याची गोळी

चि. तानु,

तुझी सून मेघा फोनवर सांगत होती, की साखरेच्या नव्या गोळीच्या चाचणीत तुला घेतलं. बसायला खुर्ची, वर चहा, दर वेळी रक्ताची तपासणी. ऐकून माझा जीव जळला. साखर आपल्या दोघांना, आईबापही तेच.

मीही त्याच चाचणीसाठी साक्रीहून एसटीनं धुळ्याला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाबा, दुसरं काही औषध घेता का?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "साखरेवर रानातली मुळी घेतो. आमच्या पाड्यावर बठ्ठेच घेतात, एकूण एक." तेवढ्यावर मला नाही म्हणाल्या. "मुळी घेणारे चालत नाहीत. पण तुमच्या आदिवासी समाजाची एक बाई आहे आमच्याकडे."

ती बाई तू! बठ्ठ्या डोंगराच्या वतीनं तू एकटी गोळी खाणार. आणि तुझी मुळी? ती दर महिन्याला मीच खणून पाठवतो. तू फक्त बोलली नाहीस.

मी डॉक्टरीणबाईंना एक फोन केला, तर तुझी खुर्ची रिकामी होईल. दोनदा नंबर लावला आणि कापला. मग भीती वाटली, गोळी-मुळी दोन्ही मिळून तुझी साखर एकदम उतरली तर? तू कोसळलीस तर म्हणतील, आदिवासींना ही गोळी सोसत नाही. मग मला कोण घेईल?

माझा पोरगा प्रेमराज उद्या तुझ्याकडे येतोय. मुळी मिळाली नाही, असं त्याला खोटंच सांगितलंय. हे पत्रही त्याच्याजवळ देणार नाही; कुणी वाचलं, तर तुझी खुर्ची जायची.

गोळी तू खा. मुळी मी एकटा खाईन.

तुझ्यावर रुसलेला,
अभिमनभाऊ