पाडव्याला वाचलेला गृहपाठ

दिनांक : ११ एप्रिल १९९६

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, परतूर, जि. जालना

विषय : कु. बेबीनंदा तातेराव खिल्लारे हिला सोमवारच्या परीक्षेसाठी गावाच्या ताब्यातून सोडवणेबाबत.
संदर्भ : बोरगव्हाण येथील सार्वजनिक विहीर ढासळल्याची घटना.

महोदय,

१. मी वाटूरजवळच्या महाविद्यालयात बी.ए.च्या मुलांना बायबलमधील संदेष्ट्यांचे साहित्य शिकवतो. संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. तो आपल्याच माणसांना तोंडावर खडसावतो आणि परत फिरायला वाट ठेवतो. हे सांगून डोक्यात उतरेना, म्हणून मी गृहपाठ दिला : आपल्या गावाला उद्देशून तसे लिहा आणि गावासमोर वाचा.

२. बेबीनंदाने पाडव्याला पारावर वाचले. तिथे त्या दिवशी पंचांग वाचून वर्षाचे पाऊसपाणी सांगतात. पंचांग संपले आणि ही उभी राहिली. "आमच्या घागरी लांब ठेवायला लावता. एक दिवस ही विहीर पाणी गिळंल. पर आम्हाला काठावर येऊ द्याल, तर न्हाई गिळणार." गावाने ते पंचांगातच धरले. पुढच्या आठवड्यात विहीर ढासळली.

३. तेव्हापासून ती विहिरीजवळच्या जुन्या शाळाखोलीत आहे. कोंडलेले नाही, असे सरपंच काकासाहेब सांगतात. लोक नारळ देतात, पाया पडतात आणि बाहेरून कडी लावतात. "पाणी परत बोलाव, मंग जाय," एवढीच अट आहे. "पाणी मी न्हाई नेलं, मी फकत सांगितल्तं," हे तिचे म्हणणे कोणी ऐकत नाही. शेजारच्या गावानेही तिला चार दिवसांसाठी मागितले आहे. आता टँकर येतो. त्यालाही घागरींच्या रांगा दोनच आहेत.

४. इकडे वर्गात कोणी पेन उचलत नाही. मच्छिंद्रने एमआयडीसीतल्या एका भट्टीवर लिहिले होते; तिथे कामाला असलेला त्याचा भाऊ आता जायला घाबरतो. मुले आपले कागद परत मागून फाडतात आणि फाडल्याने काही होणार तर नाही ना, हेही मलाच विचारतात. मलाही भीती वाटते. तिच्या रिकाम्या बाकाकडे बघवत नाही.

५. ती वर्गात होती त्या शेवटच्या तासाला मी शिकवले, की एका संदेष्ट्याला त्याच्याच लोकांनी चिखलाच्या हौदात उतरवले. राजवाड्यातल्या एका नोकराने दोर सोडला, आणि काखेत काचू नये म्हणून जुन्या चिंध्याही सोडल्या. बेबीनंदाने विचारले, "सर, एवढ्या मोठ्या शहरात चिंध्या आणणारा एकच कसा?" तेवढ्यात घंटा झाली. पुढच्या तासाला सांगतो, म्हणालो. तो तास झालाच नाही.

६. तरी पोलीस बंदोबस्तात तिला परीक्षा केंद्रावर पोचवण्याची कृपा करावी. मी उद्या सकाळच्या एसटीने बोरगव्हाणला निघत आहे. आपली माणसे सोबत आली, तर तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता येईल.

आपल्या माणसांची वाट पाहणारा,
प्रा. बद्रीनाथ अंभोरे

सोबत :
१. कु. खिल्लारे हिचे परीक्षेचे प्रवेशपत्र
२. गृहपाठाची प्रत (गुण देणे बाकी)