नवऱ्याचा तुंबा

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा. मलाकाल शहरातून दोन दिवस बोटीत बसून पाठ मोडली, पण शाळा बरी आहे आणि खोलीही मिळाली. घरमालकीण न्यादुओथ, विधवा, मायाळू. लगेच मावशी करून टाकली तिला. ज्वारीच्या कण्या, वर धारोष्ण दूध. शहरात कुठलं आलंय असलं जेवण! बापाचं नाव विचारलं तिनं. थिजोक, म्हटलं. तिनं ते नाव स्वतःशी पुन्हा उच्चारलं, मग म्हणाली, जेव बाळा, पोटभर जेव. वीस तारखेला बायको, न्यामल, आमच्या तुतला घेऊन येईल. दीड वर्षाचा झाला लबाड.

९ नोव्हेंबर
बाकी भाडेकरूंना पत्र्याच्या थाळ्या, मला मात्र मावशी भोपळ्याच्या जुन्या काळ्या तुंब्यात वाढते. नवऱ्याचा होता म्हणे. मी लाडका, दुसरं काय. बायका पुरुषांसमोर जेवत नाहीत, ते ठीकच. पण आज कुंपणामागे बसून ती माझं उष्टं त्याच तुंब्यातून खात होती. विचारलं तर म्हणाली, टाकायचं कशाला मास्तर, तुझं माझं काय वेगळं आहे?

१४ नोव्हेंबर
पोट दुखतं. मावशीलाही खोकला. नवरा कशानं गेला, विचारलं. गुरांच्या तळावर भाला खाऊन, म्हणाली. मारणारा शहरात पळाला. नाव विचारलं तर तुंबा माझ्यापुढे सरकवला.
बाबा या बाजूला एकदाही का आले नाहीत?

१७ नोव्हेंबर
काकाला फोन केला. मावशीचं नाव सांगितलं. तो ओरडलाच, गाढवा, तिच्या नवऱ्याला तुझ्या बापानंच मारलं. त्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस.
रक्ताचं वैर असलेले एका भांड्यात जेवले की मरतात, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. दोघंही मरतात.
म्हणजे तिला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून. आणि तरी ती स्वतःही खाते —

१९ नोव्हेंबर
शाळेतच झोपतो. उलटीत रक्त. न्यामलचा फोन लागत नाही. बोट सुटली असणार — धक्क्यावरूनच परत पाठवीन त्यांना.

२० नोव्हेंबर
बोट लवकर आली. मी पोचायच्या आत मावशी त्यांना घेऊन गेली — धावत तिच्या घरी आलो. तुत तिच्या मांडीवर. एक घास स्वतःला, एक त्याला. न्यामल म्हणाली, किती जीव लावते हो ही बाई. तुंबा रिकामा.
मावशी शांतपणे म्हणाली, आता मिटलं मास्तर, माझं घर आणि तुझं घर.
बाहेर ती खोकते आहे. तुत झोपलाय. न्यामल म्हणते, प्रवासाचा शीण. तिला अजून सांगितलं नाही — पण हात लावून पाहिलं तर त्याचं अंग —