घरातले पाटील

१२ जाने., नांदेड
लोह्याहून भाऊजी आले. यांचे धाकटे भाऊ. वय साठ, अक्कल सहाची. माझ्या नातीच्या, ओवीच्या डोक्याला फेटा बांधला, काजळाची मिशी काढली. "वैनी, घरात नातू न्हाई कोण म्हणतं? हे काय आमचे पाटील!" सगळे हसले. पाटील कमरेवर हात ठेवून उभे. सहा वर्षांची मुलगी, फ्रॉकला हात लावत नाही.
मीही हसले. केस तर मीच कापवून आणले, रोज वेणीचा तमाशा नको म्हणून.

३ फेब्रु.
सूनबाईचं, ओवीच्या आईचं डोहाळजेवण. लहान लेकराच्या तोंडून येतं ते खरं होतं म्हणे, म्हणून भाऊजींनी ओवीला मध्ये बसवलं. "पाटील, भाऊ पायजे का बहीण?"
"भाऊ तर मीच हाय ना."
कुणी हसलं नाही. बर्फीचं ताट फिरलं.
कॉन्व्हेंटात सिस्टर मला नाइन्टीन म्हणत, हजेरीचा आकडा. सगळी शाळाभर. आजही कुणी नाइन्टीन म्हटलं की मान वळते. आणि ही तर...

८ एप्रिल
लातूरहून, सूनबाईच्या माहेराहून फोन. सूनबाईला मुलगा. संध्याकाळी भाऊजी पेढे घेऊन हजर. "आले बरं का खरे पाटील!" ओवी फेटा बांधून घ्यायला नेहमीसारखी पुढे झाली. "आता तू ताई. जा, फ्रॉक घालून ये."
म्हटलं, "भाऊजी, बैलाचं नावसुद्धा असं एका दिवसात बदलत नाहीत." हसले. भाऊजींना बोलून उपयोग नाही.
ओवी आत गेली, फ्रॉक घालून आली. पाठीची बटणं उघडी. रडली असती तर बरं.

१५ एप्रिल, लातूर
बाळ बघायला ओवीला घेऊन आले. पाळण्यात बराच वेळ बघत राहिली.
"ह्यालाच पाटील म्हणतात?"
"हो."
"हा परत गेला की मी होणार का?"
विहीणबाईंनी फाडकन थोबाडीत दिली. "अभद्र बोलती, मेली!" मी त्यांचा हात धरला, नको ते बोलले. सूनबाईनं बाळ उचलून छातीशी घेतलं. ओवी गाल धरून उभी, डोळे कोरडे.

१६ एप्रिल
सूनबाई अंघोळीला गेली आणि मी खुर्ची ओढून पाळण्याला लावली. कुणी सांगितलं नव्हतं. ओवी दारात.
"आजी, तू का बसली इथं?"
"लिहीत बसलेय."
खोटं. सख्ख्या नातीवर पहारा करतेय मी. लाज वाटते. उठवत मात्र नाही. चार शब्द लिहिले की वर बघते.
आता ती उंबऱ्याच्या आत आहे.