दहावरचा काटा

४ मे
गवंडी बोलावलाय! येत्या रविवारी अंगणातला पोहण्याचा तलाव बुजवणार. मुलगा म्हणतो, "आई, पाणी सारखं गढूळ होतंय, कोण निस्तरणार?" मी म्हटलं, मी. दोघं हसले. सूनबाईचं वेगळंच — "या वयात कसलं पोहणं, आई? शोभतं का?" ह्यांनी हौसेनं बांधलेला तलाव. हे होते तोवर मी काठावर टॉवेल धरून उभी. आता कुठे कमरेएवढ्या पाण्यात उतरायला लागलेय. बुजवा म्हणे!

५ मे
पंपवाल्याकडून सगळं समजून घेतलं. गाळणीच्या पिंपात रेती. डोक्यावर घड्याळासारखी तबकडी, ती दाब दाखवते. उलटं पाणी सोडून रेती धुतली की काटा दहावर येतो. "अठरा-वीसवर गेला की परत धुवा, आजी. मधे हात लावू नका." हो म्हटलं.

७ मे
लावला हात! काटा बारावर दिसला की जीव राहीना. सकाळी धुतली, संध्याकाळी धुतली. आणि पाणी? दुधासारखं!
पंपवाला फोनवर ओरडला, "थोडा मळ रेतीत राहू द्या हो! त्यातच बारीक मळ अडकतो."
जन्मभर घास घास घासायला शिकवलं, आणि आता मळ राहू द्या म्हणे. बरं बाबा. बसते हात बांधून.

९ मे
काटा चौदावर. हात शिवशिवतायत. पण तळाच्या फरश्या दिसायला लागल्या! मुलाला दाखवल्या. "गवंडी सांगून झालाय, आई." सांगितलाय तर येऊ दे. मी पाण्यात बसून राहीन. बुजव मग माझ्यासकट!

१० मे
आज काटा सहावर! मुलगा खूश — "बघ, दाब कमी, म्हणजे एकदम स्वच्छ!" शहाणाच आहे. दहाच्या खाली म्हणजे गाळणीपर्यंत पाणीच पोचत नाही! पंप बंद केला, त्याच्या तोंडाची जाळी उघडली. आत लांब काळ्या केसांचा हा एवढा बोळा, वर निळा चाप.
माझे केस पांढरे, कानापर्यंत कापलेले. मुलाला तर टक्कल.
चाप धुतला, सूनबाईच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. कशी लालबुंद झाली!

११ मे, रविवार
गवंड्याला सूनबाईनंच फाटकातून परत पाठवलं. मुलगा बघतच राहिला. मग माझ्याकडे वळली — "चला आई, आज खोल पाण्यात. मी धरते."